वरची ओळ

माउसची वायर उंदरानं कुरतडली
त्या दिवसापासून मी वरच्या ओळीवर जगतो.
आकाशवाणी चौकाच्या अलीकडे, कोर्टाच्या भिंतीला लागून
टिनाचं शेड, शेडखाली टेबल,
टेबलावर संगणक, संगणकावर ओला दुपट्टा,
आणि मागं कूलर,
जो हवेपेक्षा पाणीच जास्त फेकतो.

पाणी एफ-वनमध्ये शिरलं.
आता ती कळ आपोआप दबते,
दर दोन मिनिटांनी पडद्यावर चौकट :
मदत हवी आहे का?
शेजारच्या टेबलावरचा रोडबाजी म्हणतो,
साऱ्या कोर्टात असं इचारणारा
हा येकच निघाला बाप्पा, राहू दे त्याले.

एफ-चारवरचा आकडा घासून गेला आहे.
मागं जे केलं तेच ती पुन्हा करते.
‘प्रतिज्ञेवर सांगतो की’ एकदा ठळक केलं
की पुढं नुसतं बोट ठेवायचं.
दिवसाला चाळीस माणसं प्रतिज्ञेवर सांगतात,
बोट माझं.

शिफ्ट धरून एफ-तीन दाबली
की इंग्रजी अक्षरं मोठी होतात.
उईके वकील स्वतःचं नाव तसंच करून घेतात.
मराठीवर दाबून पाहिली एकदा,
ढिम्म.
आपल्या लिपीत सगळे एकाच उंचीचे,
अर्जदार, गैरअर्जदार,
आणि खाली सही करणारे साहेबही.

परवा दुपारी, सेहेचाळीस डिग्रीत,
पारडीहून एक बाई आली.
नवरा महापालिकेच्या बागेत माळी होता, मागच्या पोळ्याला गेला.
पेन्शन अडकली होती.
पिशवीतून तीन कागद निघाले :
एकावर पुंजा नेवारे,
एकावर पुंजाबाई नेवारे,
तिसऱ्यावर कोणी घाईत लिहिलेलं पंजीबाई.
तिन्ही मीच आहो, म्हणाली,
तेवढं लेहून दे.

लिहिलं.
तिन्ही नावांखाली लाल नागमोडी रेघ उमटली.
सवयीनं एफ-सात दाबली,
मशीननं सुचवलं : पूजा, पुंज, पंजा.
लाल काहून झालं?
मावशी, मशीनला तुमचं नाव माहीत नाही.
ती पडद्याकडे बघत राहिली.
त्यालेही कागद लागते काय?

मी ‘शब्दकोशात भरा’वर गेलो,
एकदा, पुन्हा, पुन्हा.
रेघा गेल्या.
पंजीबाईसुद्धा आता बरोबर आहे,
निदान या एका टेबलावर.

तिला वाचता येत नव्हतं.
म्हणून एफ-आठनं उजळवत वाचून दाखवलं.
पहिल्या दाबाला काहीच दिसत नाही.
दुसऱ्याला तिचं नाव उजळलं.
तिसऱ्याला वाक्य :
वरील तिन्ही नावे एकाच व्यक्तीची असून ती व्यक्ती मीच आहे.
चौथ्याला परिच्छेद, त्यात नवरा, त्याची नोकरी, मरणाची तारीख.
पाचव्याला सगळं पान.
पान म्हणजे अर्धंच, खाली पांढरं.
ती म्हणाली, माह्यं इतकंच?

कोर्टाला इतकंच लागतं, मी म्हणालो,
आणि प्रिंटर गरम व्हायची वाट पाहत बसलो.
तिनं कूलरच्या पाण्यात पदर भिजवून मानेवर ठेवला.

एफ-बारा दाबली.
कोणत्या नावाने जतन करायचे?
तीन नावांचं प्रतिज्ञापत्र,
पण फायलीला एकच नाव चालतं.
एरवी मी तारीख टाकतो आणि मोकळा होतो.
त्या दिवशी काय झालं कोण जाणे,
विचारलं, मावशी, घरी काय म्हणायचे तुम्हाला?

ती हसली. दात थोडेच होते.
तिनं चौथंच सांगितलं,
आता ते म्हणणारं कोणी उरलं नाही, हेही.

मी ते टाइप केलं. रेघ आली नाही,
फायलीच्या नावाखाली येतच नाही.
तोवर ती चौकट पुन्हा उघडली होती,
मदत हवी आहे का.
एस्केप दाबलं
आणि तिच्याकडून तीसऐवजी वीस घेतले.